आठ हेलिकॉप्टरं, गरज सहाची: कमांडो मोहिमांचा हिशोब

पाटीपेन्सिल (धागाकर्ता) | रविवार, सकाळी ७:५०

मी २७ वर्षं अभियांत्रिकीच्या मुलांना ऑपरेशन्स रिसर्च (ओआर), म्हणजे हाताशी असलेली साधनं नीट वापरायचं गणित, शिकवलं. वाहतुकीची गणितं, रांगा, साठा, नेमणुका. मुलं सोडवायची, परीक्षा द्यायची आणि विसरायची. दर वर्षी एक तास मात्र मी पुस्तक मिटून ठेवायचो आणि फळ्यावर दोनच आकडे लिहायचो: ८ आणि ६. त्या तासाला मागचा बाकही गप्प असायचा. तो तास इथे मांडतोय, कारण विशेष मोहिमा आणि गनिमी युद्ध यांत गणिताचं काय काम, हा प्रश्न मला अजून सोडत नाही.

मुळात ओआर युद्धातच जन्मलं. दुसऱ्या महायुद्धात पॅट्रिक ब्लॅकेट यांच्याभोवती जमलेल्या ब्रिटिश शास्त्रज्ञांनी पाणबुड्यांवरच्या हल्ल्यांच्या नोंदी चाळल्या. विमानातून टाकलेले बॉम्ब १०० फूट खोल जाऊन फुटत होते आणि पाणबुडी तर तेव्हा पृष्ठभागाजवळच असायची. खोली २५ फुटांवर आणा, असं त्यांनी सांगितलं. नवं शस्त्र नाही, नवं विमान नाही, फक्त एक आकडा बदलला आणि हल्ले लागू पडू लागले. पण हे जमलं, कारण तोच हल्ला शेकडो वेळा झाला होता. नोंदी होत्या, सरासरी काढता येत होती. कमांडो मोहीम एकदाच होते. तिची सरासरी कुठून आणायची?

आता ८ आणि ६. २४ एप्रिल १९८०. तेहरानच्या अमेरिकी दूतावासात ओलीस धरलेल्यांना सोडवायला अमेरिकेने ‘ईगल क्लॉ’ ही मोहीम काढली. निमिट्झ या विमानवाहू जहाजावरून ८ आरएच-५३डी हेलिकॉप्टरं निघाली. ही मूळची सागरी सुरुंग काढणारी हेलिकॉप्टरं. लांब पल्ल्याची होती आणि जहाजावर दिसली तर कुणाला संशय आला नसता, म्हणून निवडलेली. इराणच्या वाळवंटात तबसजवळच्या एका जागी त्यांनी उतरायचं, सी-१३० विमानांतून आलेलं इंधन भरायचं, डेल्टा या अमेरिकी कमांडो पथकाचे शंभरावर जवान घ्यायचे आणि तेहरानच्या दिशेने निघायचं. त्या जागेला नाव दिलं होतं ‘डेझर्ट वन’. माणसं, सामान आणि इंधन यांच्या वजनाच्या हिशोबाने तिथून पुढे जायला किमान ६ धडधाकट हेलिकॉप्टरं हवी होती. ही अट आधीच ठरली होती.

एका हेलिकॉप्टरच्या पात्याच्या पोकळीतल्या वायूचा दाब कमी झाल्याचा इशारा आला, म्हणजे पात्याला तडा गेलेला असू शकतो. ते वाळवंटातच सोडून दिलं. पुढे हवेत तरंगणाऱ्या बारीक धुळीचे प्रचंड ढग लागले. त्यात दुसऱ्याची उपकरणं दगा देऊ लागली आणि ते जहाजाकडे परत फिरलं. उरलेली ६ उशिरा का होईना पोचली, पण त्यातल्या एकाची हायड्रॉलिक यंत्रणा निकामी झाली होती. राहिली ५. पथकाचे प्रमुख कर्नल बेकविथ यांनी पाचावर जायला नकार दिला आणि मोहीम रद्द झाली. परतीच्या तयारीत एक हेलिकॉप्टर सी-१३०वर आदळलं. ८ जण जळून गेले.

मुलांना मी विचारायचो, ८ पुरेशी होती का? एका हेलिकॉप्टरची धड पोचण्याची शक्यता ८० टक्के धरू. हा आकडा फक्त हिशोबासाठी माझा. मग ८ मधली किमान ६ पोचण्याची शक्यता येते जवळजवळ ८० टक्के. म्हणजे पाचात एकदा मोहीम पहिल्याच टप्प्यावर संपणार, आणि त्यापुढे दिवसा लपण्याची जागा, ट्रकने शहरात जाणं, दूतावास, सगळ्यांना हेलिकॉप्टरांत घ्यायचं मैदान, परतीची धावपट्टी असे टप्पे अजून बाकीच. असा प्रत्येक टप्पा ९० टक्के खात्रीचा धरला तरी पाच टप्प्यांचा गुणाकार ५९ टक्क्यांवर येतो. आता हेलिकॉप्टरं १० करा: ९७ टक्के. १२ करा: ९९.६. दोन यंत्रं वाढवली की धोका पाचात एकवरून तिसात एकवर उतरतो. इतक्या स्वस्तात इतकी सुरक्षितता ओआरमध्ये फार क्वचित मिळते.

नंतर अॅडमिरल हॉलोवे यांच्या अध्यक्षतेखालच्या सहा जणांच्या गटाने चौकशी केली. त्यांनी २३ मुद्दे तपासले. बंधन नसलेल्या नियोजकाने किमान १०, बहुधा ११ आणि शांततेच्या काळातल्या बिघाडांच्या नोंदी धरल्या तर १२ हेलिकॉप्टरं मागितली असती, असं त्यांनी लिहिलं. निमिट्झवर आणखी काही मावली असती, हेही नोंदवलं.

राखीव किती ठेवायचं हे आधी, शांत डोक्याने, कागदावर ठरवा. अशा मोहिमांत गणिताचं खरं काम एवढंच आहे, असं मी शिकवत आलो. तुम्हाला काय वाटतं?

---

हँगर_नंबर_दोन | सकाळी ९:१५

सर, लेख मनापासून आवडला. मी नौदलात हेलिकॉप्टरांच्या देखभालीत २० वर्षं काढली, म्हणून एका ठिकाणी अडलो.

आमच्या हँगरमध्ये भिंतीला मोठा फळा असे. डावीकडे हेलिकॉप्टरचे नंबर आणि पुढे हिरवी किंवा लाल चकती. पहाटे पाचला येऊन आधी तो फळा बघायचा. हिरवी चकती म्हणजे आज उडणार. पण माझ्या नोकरीत चकत्या एकेक करून लाल झालेल्या मला आठवत नाहीत. चार दिवस शांत जायचे आणि एका दमट, खारट वाऱ्याच्या रात्रीनंतर तीन एकदम लाल. मग एकाचा भाग काढून दुसऱ्याला बसवायचा. जहाजावर तर रोज गोड्या पाण्याने धुवावं लागतं, नाहीतर मीठ खाऊन टाकतं. आणि हेलिकॉप्टर उभं राहिलं की बिघडतं. ते उडतं ठेवावं लागतं.

तुमच्या गणितात प्रत्येक हेलिकॉप्टर आपापल्या नशिबाने बिघडतं. धूळ सगळ्यांवर एकदमच येते. एक परतलं, बाकीची उशिरा पोचली, वैमानिक थकून गेले, याचं कारण एकच ढग होता. अशा ढगात १२ पाठवली काय नि १५ पाठवली काय?

---

माजी_जवान | सकाळी १०:०५

पायदळात होतो. गणितात मला गती नाही, पण एक सांगतो. अशा कामात जो निघतो तो शक्यता मोजून निघत नाही. पाच उरली म्हणून परत फिरायचं, हे माझ्या मनाला आजही पटत नाही. तिकडे आपली माणसं अडकलेली आहेत. धैर्य टक्क्यांत मोजता येत नाही.

---

पाटीपेन्सिल | सकाळी १०:४०

हँगरकाका, तुमचा मुद्दा खोल आहे. एकदा वहीवर मांडून बघतो, मग लिहितो.

जवानदादा, तुमच्या भावनेचा आदर आहे, पण बेकविथ यांच्या नकारात मला धैर्यच दिसतं. रात्री, वाळवंटात, इंजिनांच्या आवाजात, सगळं ठरल्यापेक्षा उशिरा चाललेलं, आणि समोर इतक्या महिन्यांची तयारी. अशा वेळी ‘पाचात भागवू’ असं म्हणणं फार सोपं असतं. पाचात भागवायचं म्हणजे कुणाला तरी मागे ठेवायचं, आणि तेहरानमध्ये आणखी एक बंद पडलं तर ओलीस आणि जवान दोघांनाही बाहेर काढता येणार नाही. सहाची रेषा त्यांनी आधी, शांतपणे आखली होती. वाळवंटात त्यांना नव्याने विचार करावा लागला नाही, ती रेषा फक्त पाळावी लागली.

---

माजी_जवान | सकाळी ११:१०

असं बघितलं नव्हतं. आमच्यातही गस्तीला निघण्याआधी ‘इथून पुढे नाही’ ही जागा ठरवतात. ती कुणी मोडलेली खपत नाही. मान्य.

---

निशिगंध | दुपारी १२:३०

सराव किती झाला होता? मी अशा मोहिमांबद्दल वाचलंय त्यात सरावावर फार भर असतो.

---

पाटीपेन्सिल | दुपारी १:०५

निशिगंधताई, चांगला प्रश्न. सगळी दलं एकत्र येऊन सुरुवातीपासून शेवटपर्यंत रंगीत तालीम कधी झालीच नाही. तुकड्या आपापल्या ठिकाणी सराव करत होत्या. गुप्तता राखायची म्हणून.

याच्या उलट उदाहरण सोन तायचं. नोव्हेंबर १९७०, उत्तर व्हिएतनाममधली एक युद्धकैदी छावणी. फ्लोरिडात तिची प्रतिकृती उभारून ५६ जवानांनी शंभरावर वेळा सराव केला. एखादं हेलिकॉप्टर पोचलंच नाही तर काय, याचे पर्यायी आराखडेही पाठ करून घेतले. प्रत्यक्षात कर्नल सायमन्स यांची २२ जणांची तुकडी चुकून काही शे मीटर दूरच्या दुसऱ्याच आवारात उतरली. मुख्य छावणीत उतरलेल्या जवानांनी कुणालाही न विचारता पर्यायी आराखडा सुरू केला. सायमन्सही तिथली चकमक आटोपून येऊन मिळाले. जेमतेम अर्ध्या तासात सगळे बाहेर पडले, एकही जवान गेला नाही. अमेरिकी नौदलाचे विल्यम मॅकरेव्हन यांनी १९९०च्या दशकात अशा आठ मोहिमांचा अभ्यास केला, त्यात हीही आहे. छोट्या तुकडीला मोठ्या शत्रूवर काही मिनिटांपुरती वरचढ बाजू मिळते आणि ती मिळेपर्यंतचा वेळ सगळ्यात धोक्याचा, अशी त्यांची मांडणी आहे.

पण सोन तायच्या कोठड्या रिकाम्या होत्या. कैद्यांना जुलैमध्येच दुसरीकडे हलवलं होतं.

---

रकाना | दुपारी ३:२०

तुमचं शेवटचं वाक्य वाचून राहवलं नाही, म्हणून लिहितेय. मी तालुक्याच्या एका कार्यालयात आकडेवारीचं काम करत होते. दर महिन्याच्या ५ तारखेला प्रगती तक्ता जायचा. गावांची नावं डावीकडे आणि पुढे १४ रकाने. रकाना रिकामा ठेवायचा नाही, ही सक्त ताकीद. एका पावसाळ्यात आठ गावांना रस्ताच नव्हता, तिथे कुणी पोचलं नव्हतं. मी रेघ मारली. वरून फोन आला, ‘मागच्या महिन्याचा आकडा थोडा वाढवून लिहा’. मी लिहिला. त्या आकड्यांची जिल्ह्याला बेरीज झाली, टक्केवारी निघाली, रंगीत नकाशा झाला. त्या नकाशात माझी आठ गावं हिरवी होती. तो हिरवा रंग अजून डोळ्यांसमोर येतो.

व्हिएतनाममध्ये नेमकं हेच फार मोठ्या प्रमाणावर झालं. १९६७ पासून अमेरिकेने दर वस्ती कितपत सुरक्षित आहे याचे दर महिन्याला गुण द्यायची पद्धत सुरू केली, हॅम्लेट इव्हॅल्युएशन सिस्टिम. अमेरिकी अधिकारी रॉबर्ट कोमर तिच्यामागे होते. जिल्ह्यातला अमेरिकी सल्लागार १८ निकषांवर गुण देई. वस्तीला ए ते ई अशी इंग्रजी अक्षरं मिळत, आणि शत्रूच्या ताब्यातली असेल तर व्ही. हे सगळं सायगावच्या संगणकात जाई. बहुतेक सल्लागारांना तिथली भाषा येत नसे, नेमणूक वर्षभराची, आणि वस्त्या हजारो. १९६७ अखेर हिशोब निघाला की ६७ टक्के लोक बऱ्यापैकी सुरक्षित भागात राहतात. जानेवारी १९६८ च्या शेवटी, तेत या नववर्षाच्या ऐन सणात, शंभरावर शहरं आणि गावांवर एकाच वेळी हल्ले झाले.

गणित चुकलं नव्हतं, बेरीज बरोबरच होती. चुकला होता फॉर्म भरणारा माणूस आणि त्याच्यावर असलेला दाब. सर, तुमच्या ८० टक्क्यांचा आकडा कोण भरतं?

---

पाटीपेन्सिल | दुपारी ४:००

रकानाताई, तुमचा प्रतिसाद वाचून बराच वेळ बसून राहिलो. २७ वर्षांत हा प्रश्न मला कुणी विचारला नाही.

त्याच युद्धातली एक गोष्ट मात्र ओआरच्या बाजूने सांगतो. संरक्षण खात्यात अॅलन एन्थोव्हेन यांचं विश्लेषण कार्यालय होतं. त्यांनी किती शत्रू मेले ही मोजणी बाजूला ठेवली आणि वेगळंच मोजलं: चकमक सुरू कोण करतं? उत्तर आलं, सुमारे तीन चतुर्थांश वेळा शत्रूच. जागा, वेळ, लढाई किती चालवायची, सगळं त्यांच्या हातात. म्हणजे आपली किती माणसं गमवायची हेही तेच ठरवतात, सोसवेनासं झालं की चकमकीच कमी करतात. शत्रूला झिजवून हरवायचं धोरण या एका मोजणीने उघडं पडतं. अहवाल वर गेला, धोरण तसंच राहिलं.

सेमूर डाइचमन यांनी १९६२ मध्येच हे समीकरणात मांडलं होतं. दबा धरून बसलेल्याला समोरचा दिसतो, तो नेम धरून गोळी मारतो. वाटेवरून चाललेल्याला झाडी दिसते, तो झाडीवर गोळ्या झाडतो. दोघांकडे बंदूक एकच, पण एकाची गोळी माणसाला शोधत जाते आणि दुसऱ्याची झाडीत पसरते. म्हणून मूठभर लोक मोठ्या फौजेला भारी पडतात. हे आपल्याला सह्याद्रीच्या घाटांत वेगळं शिकवावं लागत नाही.

---

निशिगंध | संध्याकाळी ५:४५

मी रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत काम करते. माझ्या कामातून एक समांतर गोष्ट दिसते ती सांगते.

आमच्याकडे एका वर्षी रक्त घेणाऱ्या मुली वाढवल्या. हेतू हा की रिपोर्ट लवकर मिळावेत. झालं उलटं. नळ्यांचे स्टँड टेबलावर, मग फ्रिजवर, मग खिडकीत. तपासणारे आम्ही तिघेच होतो. संध्याकाळी डॉक्टरांचे फोन सुरू होत आणि सकाळी आठची नळी स्टँडच्या मागच्या ओळीत सापडे.

इराकमध्ये जनरल मॅकक्रिस्टल यांच्या विशेष पथकाने हीच अडचण ओळखली. छाप्यांत कागद, फोन, संगणक मिळायचे. ते पिशव्यांत भरून मागे पाठवायचे आणि तिथे ते पडून राहायचे. वाचणाऱ्यापर्यंत पोचेस्तोवर त्यातली माहिती शिळी झालेली असे. धाडी घालणारे वाढवून उपयोग नव्हता. त्यांनी वाचणारे, भाषांतर करणारे, विश्लेषक धाडी घालणाऱ्यांच्या शेजारी आणून बसवले आणि संस्थांमधल्या भिंती पाडल्या. ऑगस्ट २००४ मध्ये महिन्याला १८ छापे पडत, दोन वर्षांनी ऑगस्टमध्ये ३००. एका रात्री मिळालेल्या फोनवरून त्याच रात्री दुसरं घर.

सर, रांगेचं सूत्र तुम्ही सांगाल का? आम्हाला व्यवस्थापनाला समजावताना उपयोगी पडलं असतं.

---

पाटीपेन्सिल | संध्याकाळी ६:२०

आनंदाने. एकच तपासनीस आणि नमुने अनियमित येणारे, असं धरा. तो निम्मा वेळ कामात असेल तर त्याच्याकडे सरासरी एक नमुना असतो. ८० टक्के वेळ कामात असेल तर चार, ९० टक्के असेल तर नऊ, आणि ९५ टक्क्यांना एकोणीस. काम थोडंच वाढतं, रांग मात्र अंगावर येते. म्हणून मधल्या टप्प्यावर माणूस रिकामा दिसला तर त्याला लगेच दुसरं काम देऊ नका. त्याचा रिकामा वेळच रांग आवरून धरतो.

इराकबद्दल एक सांगायला हवं. छापे १८ वरून ३०० झाले ते २००६ साल समारा शहरातल्या शिया दर्ग्याच्या घुमटावरच्या स्फोटानंतर इराकमध्ये प्रचंड रक्तपाताचं ठरलं. यंत्र जोरात फिरलं, ते खरं. पण छाप्यांचा आकडा म्हणजे यश नव्हे. रकानाताईंचा हिरवा नकाशा इथेही समोर ठेवावा.

---

वैनगंगा | रात्री ८:१०

मी गडचिरोली जिल्ह्यातली. हा धागा सकाळपासून वाचतेय, लिहू की नको असं चाललं होतं.

१ मे २०१९. महाराष्ट्र दिन. पहाटे दादापूरला रस्त्याच्या कामावरची वाहनं जाळल्याची बातमी आमच्याकडे आली. दुपारी कळलं, तिकडे निघालेली पोलिसांची गाडी जांभुळखेड्याजवळ भूसुरुंगात सापडली. १५ पोलीस आणि गाडीचा चालक. त्यातली कितीतरी आजूबाजूच्या तालुक्यांतलीच मुलं. त्या संध्याकाळी बाजारात कुणी मोठ्याने बोलत नव्हतं. दुकानदाराने न मागता शटर अर्धं खाली ओढलं होतं.

नंतर सगळे एकच म्हणत राहिले की आधी जाळपोळ करायची ती कुणीतरी यावं म्हणूनच. तुम्ही वर लिहिलंत ना, जागा आणि वेळ कोण ठरवतं. जंगलात पायी जायचं, एक वाट दोनदा वापरायची नाही, हे इथल्या सी-६० या पोलीस कमांडो पथकाच्या मुलांना पाठ असतं. १९९० पासून हे पथक इथल्याच मुलांमधून उभं आहे, त्यांना वाटा आणि भाषा दोन्ही येतात. पण वाट बदलायची म्हणजे नेमकी कशी, याचं काही गणित असतं का? की मनाला येईल तशी?

---

पाटीपेन्सिल | रात्री ९:००

वैनगंगाताई, तुम्ही लिहिलंत हे फार बरं केलंत.

गणित आहे, आणि ते वाढवण्यात मिलिंद तांबे यांचं मोठं काम आहे. त्यांच्या गटाची पद्धत २००७ पासून लॉस एंजेलिसच्या विमानतळावर वापरात आली. रस्त्यांवरची नाकी आणि श्वानपथकं कधी कुठे ठेवायची हे त्यातून ठरायचं. पुढे युगांडाच्या जंगलांत शिकारचोरांविरुद्धच्या गस्तीसाठीही त्यांनी तशीच पद्धत वापरली. गृहीतक एकच: समोरचा तुम्हाला आधी नीट पाहतो, मग वार करतो.

छोटं उदाहरण देतो. दोन गावं आहेत. एकात नुकसान झालं तर ३ एकक, दुसऱ्यात १. गस्त एकच. रोज मोठ्या गावात ठेवलीत तर तो छोट्यावर येतो, नुकसान १. नाणं उडवून ठरवलंत तर तो मोठ्यावर येतो, सरासरी नुकसान दीड. म्हणजे मनाला येईल तसं फिरणं हे तर आणखी वाईट. चार दिवसांत तीन दिवस मोठं आणि एक दिवस छोटं, पण कुठला दिवस ते चिठ्ठी टाकूनच, असं केलंत तर तो कुठेही आला तरी सरासरी पाऊणच. त्याने महिनाभर पाहिलं तरी त्याला प्रमाण कळेल, उद्याचा दिवस कळणार नाही.

माणसाला चिठ्ठी टाकल्यासारखं वागता येत नाही. काल डावीकडून गेलो म्हणून आज उजवीकडून, असं आपण करतो, आणि तेही पाहणाऱ्याला कळतं. जाळपोळ झाली की तिकडे धावायचं, हीसुद्धा एक ठरलेली वाटच झाली.

---

वैनगंगा | रात्री ९:२०

प्रमाण कळेल, दिवस कळणार नाही. हे माझ्या भावाला वाचून दाखवलं. तो दोनदा वाच म्हणाला.

---

पाटीपेन्सिल | सोमवार, सकाळी ६:३०

हँगरकाका, रात्री तुमच्या ढगावर बसलो होतो. उत्तर हाती आलं, आणि मी इतकी वर्षं शिकवलं ते अपुरं होतं हे कळलं.

पुन्हा सरासरी ८० टक्केच धरू, पण ती दोन तऱ्हांच्या रात्रींतून येते असं समजू. तीनपैकी दोन रात्री स्वच्छ, तेव्हा प्रत्येक हेलिकॉप्टर ९० टक्के पोचतं. तिसरी रात्र धुळीची, तेव्हा फक्त ६० टक्के. सरासरी तीच आहे. आता किमान ६ पोचण्याची शक्यता बघा. ८ पाठवली तर ७५ टक्के, १० पाठवली तर ८८, १२ पाठवली तर ९५. माझ्या जुन्या गणितात १२ हेलिकॉप्टरं अडीचशे रात्रींत एकदा कमी पडत होती. तुमच्या ढगाखाली ती एकोणीस रात्रींत एकदा कमी पडतात. कारण बिघाड एकत्र आले की राखीव यंत्रंही त्यांच्यासोबतच जातात.

आणि आता ज्यासाठी रात्री मी हिची झोपमोड केली ते. आज धूळ आहे की नाही एवढं आधी कळलं आणि धूळ असेल तर त्या रात्री निघालोच नाही, असं धरा. मग मूळची ८ हेलिकॉप्टरंच ९६ टक्के पोचतात. धूळ न बघता पाठवलेल्या १२ पेक्षाही जास्त. एक बातमी चार हेलिकॉप्टरांना भारी.

थांबण्याचीही किंमत होती, हे मान्य. रात्री लहान होत चालल्या होत्या, उष्णता वाढत होती, फार दिवस हातात नव्हते. तरीही हॉलोवे अहवाल पुन्हा काढून वाचला तेव्हा दिसलं की ती बातमी होती. त्या भागात अशी धूळ उठते ही नोंद हवामानाच्या कागदपत्रांत होती. वैमानिकांपर्यंत ती नीट पोचली नाही. पुढे एक विमान पाठवून वाट पाहून घेता आली असती, तेही केलं नाही. दोन्हीमागे कारण गुप्तता. आणि जे हेलिकॉप्टर परतलं त्याच्या वैमानिकाला डेझर्ट वनवर आकाश स्वच्छ आहे हे माहीत नव्हतं. रेडिओ बंद ठेवायचे होते.

आता पुन्हा फळ्यासमोर उभा राहिलो तर ८ आणि ६ लिहिण्याआधी विचारेन: ढगाची बातमी कुणाकडे होती, आणि ती कुठे थांबली?

---

हँगर_नंबर_दोन | सकाळी ७:४५

सर, ‘एक बातमी चार हेलिकॉप्टरांना भारी’ हे मी वहीत उतरवून घेतलं.

आमच्याकडे उड्डाणाआधी एका खोलीत सगळे जमायचे. हवामानाचा अधिकारी नकाशा घेऊन समोर उभा राहायचा. तरुण वैमानिक त्याला उलटसुलट विचारायचे: ढग किती उंचीवर, किती वाजता, तुम्हाला कुणी सांगितलं, तुम्ही स्वतः पाहिलं का. कधीकधी तो चिडायचा, नकाशा गुंडाळून पुन्हा उघडायचा आणि बोट ठेवून म्हणायचा, ‘इथे मला खात्री नाही.’ आम्ही दाराशी उभे राहून ऐकायचो. तो असं म्हणाला की वैमानिक इंधन वाढवून मागायचे आणि आम्ही पळत हँगरकडे जायचो.

अहवालात लिहिलंय तसं, ईगल क्लॉमध्ये हवामानवाले आणि वैमानिक समोरासमोर बसलेच नव्हते. मधे तिसराच माणूस कागद घेऊन जा-ये करत होता.